भट्टीच्या संगणकानं एकच तास दोनदा मोजला: डेलाइट सेव्हिंग आणि ऑपरेटिंग सिस्टीम

उद्यमनगरी
५ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:४०

मंडळी, दिवाळीच्या शुभेच्छा, थोड्या उशिरानं. गेल्या आठवड्यात माझी झोप उडवणारा एक प्रकार घडला, तो सविस्तर लिहितोय. आपल्या भागात बाहेरून आलेली मशीन असलेले शॉप कमी नाहीत, आणि त्यातल्या कित्येकांच्या पॅनेलमध्ये हीच चूक गुपचूप बसलेली असणार.

मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. संगणकाचं काहीही अडलं तरी तेही माझ्याकडेच येतं. आमच्याकडे कास्टिंगच्या स्ट्रेस रिलीव्हिंगसाठी, म्हणजे ओतीव जॉबमधला ताण तापवून काढण्यासाठी, जर्मनीहून आलेली भट्टी आहे. तिच्या पॅनेलमध्ये विंडोजचा संगणक आहे, तो दर मिनिटाला तापमान नोंदवतो आणि चार्ज (एका वेळी भट्टीत घातलेला माल) संपला की रिपोर्ट काढतो. हा रिपोर्ट मालाबरोबर गिऱ्हाइकाला जातो.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी, म्हणजे २७ ऑक्टोबरच्या पहाटे, तिसऱ्या पाळीत एक चार्ज भट्टीत होता. सोकिंग, म्हणजे माल ठरलेल्या तापमानावर धरून ठेवणं, १:२० ला सुरू झालं. चार तास लागतात, म्हणजे ५:२० ला संपायला हवं, आणि ते खरोखर तेव्हाच संपलं. ऑपरेटरच्या वहीत मनगटी घड्याळाची वेळ लिहिलेली आहे. पण रिपोर्टवर आलं, सुरुवात १:२०, शेवट ४:२०, सोकिंग तीन तास. ग्राफ बघितला तर अंगावर काटाच आला. २ ते ३ या तासात तापमानाची रेघ दोनदा काढलेली, एकीवर एक. गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरनं सगळा लॉट थांबवला. त्याचं काहीच चुकलं नाही. सोकिंग एक तास कमी म्हणजे जॉबमधला ताण पुरता निघालेला नाही, असंच तो धरणार.

शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. भट्टी बसवली तेव्हा, जून महिन्यात, संगणकाचा टाइमझोन बर्लिनचाच राहिला होता. घड्याळ साडेतीन तास मागं दिसतंय म्हणून आपल्याच कुणीतरी काटे पुढं करून ठेवले. झोन बदललाच नाही. आकडे कोल्हापूरचे दिसायला लागले, सगळे निवांत झाले. पण संगणकाच्या लेखी तो जर्मनीतच बसलेला होता. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं ठेवायचं (हेच डेलाइट सेव्हिंग) आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनचे दोन करायचे हा तिकडचा नियम त्यानं इमानानं पाळला, आमच्या तिसऱ्या पाळीत.

सोमवारी कुणीतरी घड्याळ पुन्हा तासभर पुढं केलं. म्हणजे मार्चमध्ये ते आपणहून आणखी एक तास पुढं उडी मारणार, हे नक्की.

दोन प्रश्न आहेत. झोन सुरक्षितपणे बदलायचा कसा? आणि हा लॉट वाचवायला काही आधार मिळेल का?

शिरोली_तिसरीपाळी
५ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:१५

भावा, आमच्यात बी झालतं हे, सीएमएमच्या, म्हंजी जॉबची मापं घ्यायच्या मशीनच्या, संगणकावर. आमच्या साहेबांनी सेटिंगमधली ती "डेलाइट सेव्हिंग आपोआप लावा" असली टिक काढून टाकली, तेव्हापासून तरास न्हाई. दोन मिनटाचं काम हाय.

पंचगंगा_घाट
५ नोव्हेंबर २०२४, रात्री ११:०५

टिक काढून उडी थांबेल, पण मूळ चूक तशीच राहील. ती मुळापासून समजून घेऊया, म्हणजे पुढच्या मशीनवर पुन्हा होणार नाही. मी पंचवीस वर्षं सर्व्हर सांभाळतोय, आणि ही गल्लत मी तितक्याच वेळा बघितली आहे.

संगणकाच्या आत वेळेचे तीन थर असतात. सगळ्यात खाली मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारं घड्याळ. त्याला ना झोन कळतो ना उन्हाळा, ते नुसते आकडे पुढं नेतं. त्याच्या वर ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतःची मोजणी. लिनक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद यूटीसीप्रमाणे, म्हणजे सगळ्या जगाच्या सामाईक वेळेप्रमाणे, मोजतो, विंडोजही आतून यूटीसीच धरतो. ही मोजणी डेलाइट सेव्हिंगमुळं कधीच मागं-पुढं होत नाही. आणि सगळ्यात वर झोनचे नियम, जे त्या मोजणीला भिंतीवरच्या घड्याळाचं रूप देतात. तीनचे दोन होतात ते फक्त या वरच्या थरात.

तुमच्याकडे वरचा थर चुकीचा होता, आणि तो झाकायला कुणीतरी मधला थर बिघडवला. काटे पुढं केल्यामुळं संगणकाची यूटीसी खऱ्यापेक्षा साडेतीन तास पुढं गेली. तासाभराची दुरुस्ती धरली तर आता साडेचार तास. हे मशीन उद्या नेटवर्कला जोडलं आणि एनटीपीनं (नेटवर्कवरून वेळ आपोआप जुळवणारी सोय) वेळ दुरुस्त केली, तर पडद्यावर एकदम जर्मनीची वेळ दिसेल. मग पुन्हा कुणीतरी काटे फिरवणार.

खालच्या थरातही एक मेख आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहून ठेवतो, लिनक्स सहसा यूटीसी. एकाच संगणकावर दोन्ही असतील तर आपल्याकडे बरोबर साडेपाच तासांचा घोळ होतो. ज्या देशांत डेलाइट सेव्हिंग आहे तिथं दोन्ही सिस्टीम या घड्याळात स्थानिक वेळच धरत असतील तर त्या आपापल्या परीनं एक-एक तास बदलून मोकळ्या होतात, आणि घड्याळ दोन तास सरकतं.

आता कृती. भट्टी रिकामी असताना, दोन चार्जच्या मध्ये करा. नोंदणीचं सॉफ्टवेअर बंद करा. झोनच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असा साडेपाच तासांचा पर्याय आहे, तो निवडा. निवडताच घड्याळ साडेचार तास पुढं गेलेलं दिसेल, घाबरू नका. मग वेळ दुरुस्त करा, तारीखही तपासा, आणि संगणक बंद करून चालू करा. क्रम हाच ठेवा, आधी झोन, मग काटे.

पेनड्राइव्हवर लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, नेत असाल तर एक लक्षात ठेवा. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर फाइलची वेळ स्थानिक लिहिली जाते, सोबत झोनचा पत्ता नसतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर ती यूटीसीत असते. पुरावा म्हणून फाइलच्या वेळा दाखवणार असाल तर डिस्कवरच्या मूळ फाइली दाखवा.

राजारामपुरी_८वी_गल्ली
६ नोव्हेंबर २०२४, सकाळी ८:२०

मला तांत्रिक काही कळत नाही, पण परवाच्या भाऊबीजेला आमच्या घरी काय झालं ते सांगते. भाऊ डेट्रॉइटला असतो. त्याचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हे उन्हाळ्यापासून पाठ झालेलं. ताट, निरांजन, करदोडा सगळं मांडून मी साडेसहाला फोनसमोर बसले. तो काही येईना. आई काळजीनं दर पाच मिनिटांनी विचारायची. तो आला साडेसातला, त्याच्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर! नेमका ३ नोव्हेंबर हाच त्यांचा काटे मागं घ्यायचा दिवस होता. तेलाची वात तीनदा पुढं सारली मी.

उद्यमनगरी दादा, तुमचा लॉट सुटू दे.

घड्याळजी_मंगळवारपेठ
६ नोव्हेंबर २०२४, सकाळी १०:३०

ताई, त्या दिवशी डेट्रॉइटला रात्रीचे दोन वाजले तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेअकरा झाले होते. म्हणजे तुम्ही दुपारी जेवायला बसण्याआधीच तिकडे बदल होऊन गेला होता.

मी शिक्षक होतो, घड्याळं दुरुस्त करायचा छंद आहे, म्हणून थोडं जुनं सांगतो. आपल्या देशाला हा प्रकार अगदीच नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ भारताची घड्याळं एक तास पुढं, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढं होती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून आली, पण मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागं असलेली मुंबई वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नाही. तेव्हा १९४३ सालची एखादी नोंद संगणकात भरताना "भारत म्हणजे नेहमीच साडेपाच" असं गृहीत धरलं तर तीही तासानं चुकेल.

आणि सूर्याचं म्हणाल तर तो यातलं काहीच मानत नाही. प्रमाणवेळेचं रेखावृत्त साडेब्याऐंशी अंश, कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास. त्यामुळं आपला खरा मध्यान्ह सरासरीनं साडेबारानंतर दोन-तीन मिनिटांनी होतो. तीन दिवसांनी अंबाबाईचा किरणोत्सव आहे, ९, १० आणि ११ नोव्हेंबर. दुसरा किरणोत्सव ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. दोन्ही वेळी मावळतीचा सूर्य आकाशात जवळजवळ त्याच कोनात असतो, म्हणून किरणं त्याच महाद्वारातून आत येतात. तरीही दोन्हींच्या सूर्यास्ताच्या घड्याळी वेळेत जवळपास अर्ध्या तासाचा फरक पडतो. सूर्य जागेवर आणि काटे वेगळीकडे, हे मी मुलांना दरवर्षी देवळात नेऊन दाखवत असे.

केआयटी_तिसरंवर्ष
६ नोव्हेंबर २०२४, दुपारी १:१०

सर, माझा एक प्रश्न. प्रत्येक देशाचा नियम संगणकाला कळतो कसा? सूत्र वापरून काढता येतं का?

पंचगंगा_घाट
६ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:३०

सूत्रानं येत नाही, कारण हे खगोलशास्त्र नाही, सरकारी आदेश आहेत. कुणीतरी ते गोळा करून लिहून ठेवावे लागतात. हे काम टीझेड डेटाबेस नावाचा एक छोटा, बराचसा स्वयंसेवकांवर चालणारा प्रकल्प करतो. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला, २०११ पासून तो आयाना या संस्थेच्या छत्राखाली आहे आणि पॉल एगर्ट त्याचं संयोजन करतात. लिनक्स, अँड्रॉइड, मॅक, जावा, सगळे त्यातूनच घेतात. "एशिया/कोलकाता" हे नाव तिथलंच. घड्याळजी सरांनी सांगितलेला युद्धकाळातला तासही त्यात नोंदलेला आहे. विंडोजची यादी मायक्रोसॉफ्ट वेगळी ठेवतं.

खरी अडचण सरकारं ऐनवेळी बदल करतात तेव्हा होते. तुर्कस्ताननं २०१५ मध्ये निवडणुकीसाठी काटे मागं घेणं २५ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर नेलं. लोकांचे फोन मात्र जुन्या नियमानं आपोआप मागं गेले, आणि सकाळी उठून लोक एकमेकांना वेळ विचारत होते. मोरोक्कोनं २०१८ मध्ये बदल लागू व्हायच्या दोन दिवस आधी निर्णय घेतला. लेबनॉनमध्ये २०२३ साली सरकारनं काटे पुढं करणं अचानक लांबवलं, काही संस्थांनी ते मानलं, काहींनी नाही, आणि थोडे दिवस एका देशात दोन वेळा चालल्या.

अमेरिकेनं कायदा २००५ मध्ये केला आणि २००७ पासून तारखा बदलल्या, मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला. दीड वर्ष हातात असूनही धावपळ झाली. मी त्या मार्चमध्ये रात्रभर जागून जुन्या सर्व्हरचे पॅच लावले होते. शिवाय जुन्या विंडोजला एका झोनचा एकच नियम माहीत असायचा. नवा नियम घातला की २००६ मधल्या जुन्या तारखाही नव्या नियमानं दिसायच्या. वर्षवार नियम ठेवायची सोय विंडोज व्हिस्टापासून आली.

म्हणून कारखान्यातला संगणक इंटरनेटला जोडत नाही म्हणून अपडेटही नको, हे म्हणणं मला पटत नाही. वर्षातून दोनदा तरी हातानं करा.

रंकाळ्याकाठी
७ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:५०

काकांचं सगळं पटलं. मी राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, परदेशी गिऱ्हाइकांसाठी वेळापत्रकाची सॉफ्टवेअर लिहिते. एक सल्ला सगळीकडे ऐकू येतो, "सगळं यूटीसीत साठवा". तो अर्धाच बरोबर आहे आणि त्यानं मी एकदा पोळले आहे.

घडून गेलेल्या गोष्टीसाठी यूटीसीच हवी. दादांच्या भट्टीचा लॉग यूटीसीत असता तर रेघ दोनदा आलीच नसती. पण पुढं घडणारी गोष्ट वेगळी. समजा सप्टेंबर २०२२ मध्ये तुम्ही मेक्सिको सिटीच्या गिऱ्हाइकाशी जून २०२३ ची बैठक त्यांच्या सकाळी दहाची ठरवली. तेव्हाच्या नियमानं ती यूटीसी १५:०० म्हणून साठवली. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मेक्सिकोनं बहुतेक भागातलं डेलाइट सेव्हिंग बंद केलं. तुमचा आकडा तिथंच, पण तो आता त्यांच्या सकाळच्या नऊला जाऊन बसला. लोकांनी तर "दहा" ठरवले होते. म्हणून पुढच्या भेटीसाठी भिंतीवरची वेळ आणि शहराचा झोन, दोन्ही साठवायचं, आणि यूटीसी ऐनवेळी काढायची. पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या वेळेच्या ज्या प्रकाराच्या नावात "टाइमझोनसह" असं आहे, तोही झोन साठवत नाही, यूटीसीत बदलून टाकतो. झोनचं नाव वेगळ्या रकान्यात ठेवावं लागतं. हे मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळलं, गिऱ्हाईक रिकाम्या बैठकीत बसून राहिल्यावर.

आणि झोनला "आयएसटी" लिहू नका. भारत, आयर्लंड आणि इस्रायल तिघंही तीच अक्षरं वापरतात. त्यातही आयर्लंडच्या कायद्यात उन्हाळ्याची वेळ हीच प्रमाणवेळ, आणि हिवाळ्यात ते एक तास मागं जातात. टीझेडवाल्यांनी २०१८ मध्ये हे तसंच्या तसं नोंदवलं तेव्हा जावाची प्रणाली ते वाचू शकली नाही, कारण "उन्हाळी फरक" उणे असेल असा विचारच तिथं कुणी केलेला नव्हता.

पंचगंगा_घाट
७ नोव्हेंबर २०२४, रात्री ११:२०

ताई, मान्य. मीही आजवर सरसकट यूटीसीच सांगत आलो. माझ्या डोळ्यापुढं नेहमी लॉग असतात, बैठका नसतात. तुमचा फरक बरोबर आहे.

भट्टीबाबत तिसरी गोष्ट जोडतो. कालावधी काढायला भिंतीवरची वेळ वापरूच नये, यूटीसीसुद्धा नको, कारण एनटीपी तीही थोडी मागं-पुढं करतं. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमकडे कधीच मागं न जाणारी एक मोजणी असते, लिनक्समध्ये तिला मोनोटॉनिक घड्याळ म्हणतात. चार तासांचं सोकिंग त्यावर मोजायचं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला हे लेखी कळवा.

तांबडापांढरा
८ नोव्हेंबर २०२४, दुपारी ३:०५

आमच्या टीमकडे अमेरिकेतला सर्व्हर आहे, तिथल्याच वेळेवर. रात्री अडीचला बॅकअप लागतो. मार्चमध्ये काटे पुढं जातात त्या रात्री अडीच वाजतच नाहीत. मग काय होईल?

पंचगंगा_घाट
८ नोव्हेंबर २०२४, रात्री ८:४०

तुमचा क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम, कुठला त्यावर आहे. डेबियन लिनक्सचा क्रॉन तीन तासांच्या आतला बदल ओळखतो. ठरावीक वेळेची कामं उडीत सापडली तर लगेच नंतर चालवतो, आणि नोव्हेंबरमध्ये तीच वेळ पुन्हा आली तर दुसऱ्यांदा चालवत नाही. बाकीचे असंच वागतील या भरवशावर राहू नका. शक्य असेल तर सर्व्हर यूटीसीवर न्या. नसेल तर रात्री एक ते तीन या वेळेत काही ठेवू नका.

उद्यमनगरी
१४ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. लॉट सुटला.

सुटला तो कागदामुळं. भट्टीवर जुना गोल तक्त्याचा रेकॉर्डर अजून चालू आहे. मागच्याच वर्षी "आता संगणक आहे, कशाला तो" म्हणून काढायचं चाललं होतं. त्याची मोटर आपल्या गतीनं फिरत असते, तिला ना बर्लिन माहीत ना कोल्हापूर. त्या तक्त्यावर सोकिंगची रेघ सलग चार तास स्वच्छ दिसते. तक्ता, ऑपरेटरची वही आणि त्या रात्रीच्या एकूण नोंदींची संख्या, तिन्ही इन्स्पेक्टरसमोर ठेवलं. मिनिटाला एक नोंद, सोकिंगच्या नोंदी २४० भरल्या. तीन तास असते तर १८० असत्या. त्यानं स्वतः मोजल्या आणि सही केली. मूळ लॉगला आम्ही हात लावलेला नाही, शेजारी लेखी खुलासा जोडला.

झोन काकांनी सांगितलेल्या क्रमानं बदलला. साडेचार तासांची उडी आधीच माहीत होती म्हणून छातीत धस्स झालं नाही. मग बाकीची मशीन तपासली. आणखी एक निघालं, इटलीहून आलेलं, तेही तसंच काटे फिरवलेलं. पॅनेलच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: "वेळ चुकली तर काटे फिरवू नका, आधी झोन बघा, मेंटेनन्सला बोलवा."

सॉफ्टवेअरवाल्यांना मोनोटॉनिक घड्याळाचं लिहिलंय. उत्तराची वाट बघतोय.

शिरोली_तिसरीपाळी
१४ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:५०

लई बेस झालं भावा. आमच्या सीएमएमवर आज जाऊन बघितलं. टिक काढलीया, पण झोन बर्लिनच हाय अजून. उद्या करतो.

उद्यमनगरी
३० मार्च २०२५, सकाळी ७:१०

धागा वर काढतोय. आज मार्चचा शेवटचा रविवार, आणि पाडवाही आजच. जुन्या सेटिंगवर पहाटे दोनचे तीन झाले असते. मला राहवलं नाही, रात्री दीडलाच कारखान्यात गेलो. भट्टीत चार्ज होता. ऑपरेटर, त्याचा मदतनीस आणि मी, तिघं पॅनेलसमोर उभे राहिलो. १:५९:५८, १:५९:५९, २:००:००, २:००:०१. ग्राफची रेघ सरळ पुढं गेली. इटलीच्या मशीनवरही तसंच.

ऑपरेटर म्हणाला, साहेब, आता जावा घरला, गुढी उभारायची असंल.

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना.